शोधनिबंधाची आखणी : फरीदाबाद, १७५७

इ. स. १७५७च्या फेब्रुवारीच्या आरंभी, दिल्लीच्या दक्षिणेस आग्र्याच्या हमरस्त्यावरील फरीदाबाद या कसब्याजवळ पेशव्यांचा सरदार अंताजी माणकेश्वर आणि अहमदशहा अब्दालीची अफगाण फौज यांची गाठ पडली. अंताजीजवळचे बळ थोडे होते, समोरचे पुष्कळ. लढत लढत तो मथुरेच्या बाजूस निघून गेला. त्याची बरीच माणसे पडली. आणि मागे उरलेले गाव आक्रमकांच्या हाती सापडले. मराठ्यांच्या इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत या प्रसंगाला एखादे वाक्य मिळते, फार तर एक परिच्छेद. पानिपताला अजून चार वर्षांचा अवकाश असतो आणि इतिहासकाराची लेखणी पुढे धावत असते. फरीदाबाद तिला वाटेत लागते, एवढेच.

महाविद्यालयीन शोधनिबंधाची आखणी कशी करावी, या प्रश्नाला असा एखादा वाटेत लागणारा प्रसंग फार उपयोगी पडतो. या विषयाची चर्चा आपल्याकडे बहुधा नियमांच्या भाषेत होते. विषय निवडावा, साधने जमवावीत, प्रकरणे पाडावीत, उपसंहार लिहावा, असा क्रम विद्यार्थ्याला सांगितला जातो आणि तो निमूटपणे पाळतो. परिणामी पदव्युत्तर प्रबंधांचे पहिले प्रकरण भौगोलिक पार्श्वभूमीचे, दुसरे पूर्वपीठिकेचे, शेवटचे समारोपाचे आणि मधली सारी छापील ग्रंथांच्या उताऱ्यांची, असा एक साचा होऊन बसला आहे. ‘मराठ्यांचे उत्तरेतील राजकारण’ या नावाच्या प्रबंधात हा साचा खपून जातो, कारण इतक्या रुंद विषयात कोणतीही गोष्ट कोठेही बसते. ‘फरीदाबादेस काय झाले?’ एवढाच प्रश्न घेतला, तर मात्र तो पहिल्याच दिवशी मोडतो. येथे भौगोलिक पार्श्वभूमी ही पार्श्वभूमी राहत नाही. रस्ता, नदी आणि गावाची तटबंदी हाच अर्धा पुरावा असतो.

मराठीत इतिहाससंशोधनाचा आरंभ एका विद्यार्थ्याच्या निबंधाने झाला, ही गोष्ट या संदर्भात आठवण्यासारखी आहे. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ साली, विद्यार्थिदशेत, ग्रांट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर पुण्याच्या तरुणांच्या सभेत एक निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो ‘विविधज्ञानविस्तारा’त छापला गेला. डफचा ग्रंथ १८२६ साली लंडनला प्रसिद्ध झालेला. डेव्हिड केपनच्या मराठी भाषांतरामुळे तो शाळांतून ‘बखर’ म्हणून रूढ झाला होता आणि चाळीस वर्षे त्याच्या शब्दापुढे शब्द नव्हता. अशा ग्रंथाला विशीतला एक तरुण आव्हान देतो, यातले धाडस सर्वांच्या लक्षात आले. त्या निबंधाच्या रचनेकडे तितके लक्ष गेले नाही. वस्तुतः त्याची शक्ती रचनेत होती. मराठ्यांचा इतिहास नव्याने सांगण्याचा संकल्प कीर्तने यांनी केला नाही. तसा केला असता तर निबंध कधीच पुरा झाला नसता. त्यांनी एकच ग्रंथ समोर ठेवला आणि त्यातील विधाने देशी बखरी व कागदपत्रे यांच्याशी ताडून पाहिली. जेथे ती जुळेनात, तेथे का जुळत नाहीत असे विचारले. आव्हान मोठे आणि विषयाची चौकट लहान, अशी ही आखणी होती. दहा वर्षांनी, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू करून बखरी छापण्यास आरंभ केला, तो या निबंधाने निर्माण केलेल्या भुकेपोटी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढच्या पिढीने मात्र वेगळी वाट धरली. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. म्हणजे फरीदाबादचा प्रसंग त्याच्या ऐन मध्यावर येतो. राजवाडे यांचा आग्रह असा की, आधी अस्सल कागद गोळा झाले पाहिजेत. ते जमल्यावाचून इतिहास लिहिणे व्यर्थ. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही याच निष्ठेने. या निष्ठेचे ऋण मोठे आहे. त्या माणसाने गावोगाव पायपीट केली नसती, तर आज चर्चेला कागदच नसते. तथापि तिचा एक परिणाम शोधनिबंधावर झाला, तो नोंदवला पाहिजे. संग्रह हेच ध्येय ठरल्यावर प्रश्न मागे पडला. कागद सापडला म्हणून निबंध लिहावयाचा, अशी चाल पडली. मंडळाच्या वार्षिक इतिवृत्तांतले आणि संमेलनवृत्तांतले पुष्कळ लेख या जातीचे आहेत. प्रत्येकात एक नवा कागद, पण तो कशाचे उत्तर आहे हे वाचकाने शोधायचे. उलट राजवाडे यांच्या स्वतःच्या प्रस्तावनांत प्रश्नांचा नव्हे, निकालांचा सुकाळ आहे. पहिल्या खंडाच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत पानिपतच्या अपयशाचे खापर मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले यांच्यावर ज्या ठामपणे फोडले आहे, तो ठामपणा पुढील अभ्यासकांना पुन्हा तपासावा लागला. जो विद्यार्थी त्या खंडातून फरीदाबादसंबंधीची पत्रे काढू पाहील, त्याने पत्रे आधी वाचावीत आणि प्रस्तावना मागाहून.

पत्रे वाचावयाची म्हणजे प्रथम त्यांच्या तारखा लावावयाच्या. आखणीतला हा भाग विद्यार्थ्यांना रूक्ष वाटतो. परंतु सगळी इमारत याच पायावर उभी राहते. पेशवाईतील पत्राच्या अखेरीस बहुधा ‘छ’ हे अक्षर, चंद्राचा दिवस आणि जमादिलावल, रजब, साबान असा मुसलमानी महिना एवढेच असते. वर्ष पुष्कळदा नसते. असले तर ते शुहूर सनाचे आणि अरबी संख्यावाचकांत. ‘सबा खमसैन मया व अलफ’ याचा अर्थ सात, पन्नास, शंभर व हजार, म्हणजे ११५७. त्यात ५९९ मिळवले की १७५६ येतात. परंतु हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या दिवसांसाठी ६०० मिळवावे लागतात. फरीदाबादचा प्रसंग या दुसऱ्या भागात पडतो. एकाच्या फरकाने सगळा क्रम उलटतो. जानेवारी १७५६मध्ये अब्दाली दिल्लीत नव्हता. जानेवारी १७५७च्या अखेरीस तो दिल्लीत शिरला. पत्राच्या पाठीवर ‘पैवस्ती’ची, म्हणजे पोचल्याची, नोंद असली तर ती विद्यार्थ्याने सोन्यासारखी जपावी. लिहिल्याच्या आणि पोचल्याच्या दिवसांमधील अंतरावरून जासूद कोणत्या वाटेने आला, वाट मोकळी होती की अडलेली, याचा अंदाज बांधता येतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले. एवढ्या अल्पावधीत हजारो रुमालांतून निवड करताना वर्ष नसलेल्या पत्रांना संपादकाने अदमासाने वर्षे घातली. त्यांतली काही मागाहून चुकीची ठरली. संपादकाची तारीख हा पुरावा नव्हे, हे टिपणाच्या पहिल्या कागदावरच लिहून ठेवणे हिताचे.

यानंतर साक्षीदारांचा प्रश्न येतो, आणि फरीदाबादचा विषय येथूनच रंगू लागतो. अंताजी माणकेश्वर हा दिल्लीच्या बाजूस पेशव्यांच्या फौजेनिशी असलेला सरदार. अब्दाली पंजाब ओलांडून आला तेव्हा वजीर इमाद-उल्मुल्क गलितधैर्य झाला, नजीबखान रोहिला आक्रमकास जाऊन मिळाला, आणि रघुनाथराव व मल्हारराव होळकर यांची मोठी फौज दक्षिणेकडून येत असली तरी अजून फार दूर होती. जानेवारीच्या मध्यास दिल्लीच्या उत्तरेस नरेल्याजवळ अब्दालीच्या आघाडीशी जी झुंज झाली तीही अंताजीनेच दिली. म्हणजे त्या हिवाळ्यात राजधानीच्या आसपास अब्दालीशी उघडपणे लढणारा मराठी सरदार जवळजवळ तो एकटाच होता. एवढे वाचून विद्यार्थ्याच्या मनात त्याच्याविषयी आदर उत्पन्न होतो आणि प्रकरणाचे शीर्षक तयार होते. ते शीर्षक लिहिण्याची घाई करू नये. कारण हाच अंताजी दिल्लीतील पेशव्यांच्या वकिलांशी, म्हणजे हिंगणे बंधूंशी, हाडवैर बाळगून होता, आणि त्याच्या फौजेच्या हिशेबाविषयी पुण्यात गंभीर संशय होता. हिंगण्यांनी त्याच्याविरुद्ध लिहावे आणि त्याने हिंगण्यांविरुद्ध, असा प्रकार कितीतरी दिवस चालला होता. हिंगण्यांचे दफ्तर ग. ह. खरे यांनी मंडळातर्फे संपादून छापले आहे, त्यामुळे दोन्ही पक्षांचे म्हणणे आज समोरासमोर ठेवता येते.

ज्या सरदाराच्या हजेरीपटावर धन्याचा विश्वास नाही, तो रणांगण सोडल्यानंतर धन्याला पत्र लिहितो, तेव्हा त्याच्या पत्रातील आकडे कसे वाचावेत? शत्रूची संख्या वाढवून सांगण्यात त्याचा लाभ आहे. आपल्याकडे पडलेल्या माणसांची संख्या वाढवण्यातही त्याचा लाभ आहे. कारण जी माणसे पटावर होती पण छावणीत नव्हती, ती लढाईत पडली असे दाखवणे सोपे. याचा अर्थ अंताजी खोटे बोलतो असा नव्हे. तो पुढेही उत्तरेत राहिला आणि पानिपतानंतरच्या पळापळीत मारला गेला. त्याच्या निष्ठेचा निकाल इतक्या सहजासहजी लावता येणार नाही. अर्थ एवढाच की, ‘किती पडले’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पत्रातून सरळ उचलून तळटीप देता येत नाही. हिंगण्यांचे पत्र शेजारी ठेवले तर तेही तितकेच पक्षपाती. दोन पक्षपाती साक्षीदार ज्या बाबतीत एकमत होतात ती बाब बहुधा खरी, हा न्यायालयातला जुना दंडक येथे कामी येतो. म्हणून प्रकरणे पाडण्याआधी एका मोठ्या कागदावर दोन रकाने आखून कोण काय म्हणतो ते समोरासमोर लिहावे, आणि जेथे रकाने जुळत नाहीत तेथेच निबंधाचे विभाग पाडावेत. मतभेदाच्या जागा याच प्रकरणाच्या जागा, हे सूत्र कीर्तने यांच्या निबंधातही दिसते.

पण हे दोन्ही रकाने मराठीच आहेत, मोडीत लिहिलेले आहेत आणि पुण्याकडे तोंड करून लिहिलेले आहेत. तिसरा रकाना फारसीचा. दिल्लीतील घडामोडींची फारसी रोजनिशी आणि आलमगीर सानी या बादशहाच्या कारकिर्दीची तवारीख ही साधने यदुनाथ सरकार यांनी ‘मोगल साम्राज्याचा ऱ्हास’ या इंग्रजी ग्रंथाच्या १९३४ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात वापरली. सरकार बंगाली; पण मराठी पत्रे वाचण्यासाठी ते मराठी शिकले, आणि सरदेसायांशी त्यांचा स्नेह जन्मभर टिकला. पुण्याच्या संशोधकांना त्यांचे निष्कर्ष पुष्कळदा रुचले नाहीत, आणि त्या नापसंतीला कारणेही होती. परंतु मोडी आणि फारसी असे दोन्ही रकाने एका टेबलावर मांडण्याची सवय त्यांनी लावली, ही गोष्ट मतभेद असणाऱ्यांनीही मान्य केली पाहिजे. महाराष्ट्रात पुढे ग. ह. खरे यांनी ऐतिहासिक फारसी साहित्य छापून आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणून ही उणीव बरीच भरून काढली. तरीही आजचा पुण्याचा विद्यार्थी सहसा फारसी शिकत नाही आणि फरीदाबादचा विद्यार्थी मोडी शिकत नाही. दोघांपैकी कोणीही या विषयावर लिहिले तरी त्याचा निबंध अर्ध्या साक्षींवर उभा राहतो, आणि हे त्याला आखणी करतानाच ठाऊक असले पाहिजे. तोंडी परीक्षेच्या दिवशी नव्हे.

या फारसी रकान्यात एक साक्ष अशी आहे की, ती वाचल्यावर निबंधाचा प्रश्नच बदलतो. बिलग्रामचा सय्यद गुलाम हसन सामीन हा त्या मोहिमेत प्रत्यक्ष हजर होता. त्याच्या वृत्तांताचे विल्यम अर्व्हिन याने केलेले इंग्रजी भाषांतर १९०७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापले गेले. फेब्रुवारीच्या अखेरीस अब्दाली दिल्लीहून जाटांच्या मुलखावर निघाला. फरीदाबादच्या दक्षिणेस लागूनच असलेल्या बल्लभगडात सुरजमलाचा मुलगा जवाहरसिंग होता. मार्चच्या आरंभी तो किल्ला पडला आणि जवाहरसिंग रात्रीच्या अंधारात निसटला. त्या छावणीत शहाने हुकूम केला की, लुटीत जे ज्याला मिळेल ते त्याचे, आणि जो कोणी मुंडके कापून आणील त्याला दर मुंडक्यामागे ५ रुपये मिळतील. मुंडकी वजिराच्या तंबूपुढे टाकावयाची आणि त्यांची मोजदाद व्हावयाची. मग मध्यरात्री स्वार कसे बाहेर पडत, परतताना घोड्यांवर लूट कशी लादलेली असे, धरून आणलेल्या माणसांच्या डोक्यावर मुंडक्यांची गाठोडी कशी दिलेली असत, हे सामीनने जे पाहिले ते त्याने लिहून ठेवले. तो फुगवून सांगत नाही. म्हणूनच वाचताना अंगावर काटा येतो.

ही मुंडकी कोणाची? मोजणाऱ्या कारकुनाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. कापलेले डोके शिपायाचे की शेतकऱ्याचे हे ओळखण्याची सोय नव्हती आणि दर एकच होता. जिथे मुंडक्याला भाव ठरतो तिथे हत्यार धरणाऱ्याच्या डोक्यापेक्षा नांगर धरणाऱ्याचे डोके स्वस्तात मिळते, हे सांगावयास पुराव्याची गरज नाही. पण निबंधात विधान करावयाचे तर पुरावा लागतो, आणि तो मिळवण्याची दिशा आखणीत असावी लागते. आता एका बाजूस अंताजीच्या पटावरील शिपायांची शंकास्पद संख्या आणि दुसऱ्या बाजूस अफगाण छावणीतली मुंडक्यांची तंतोतंत मोजदाद, अशा दोन गणती समोर येतात. दोन्ही पैशाशी जोडलेल्या. पहिल्या गणतीत नसलेली माणसे जिवंत धरली जाण्याची शक्यता, दुसरीत लढाईशी संबंध नसलेली माणसे शत्रू म्हणून धरली जाण्याची. दोहोंच्या मध्ये फरीदाबाद आणि आसपासची खेडी आहेत, आणि त्यांची स्वतःची अशी गणती कोणीच ठेवलेली नाही.

येथे आखणीचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. समजा, विद्यार्थ्याने प्रकरणे अशी पाडली : अब्दालीची स्वारी, दिल्लीचे राजकारण, अंताजीची झुंज, झुंजीचे परिणाम. ही रचना सुबोध आहे, परीक्षकाला आवडेल अशी आहे, आणि तिच्यात गावकऱ्यांना जागा नाही. सामीनचा उतारा फार तर ‘परिणाम’ या प्रकरणात एका तळटिपेत जाईल. मराठी इतिहासलेखनात हे नेहमी घडत आले आहे. उत्तरेतील मोहिमांचे वर्णन करताना मराठी फौज कोठून कोठे गेली हे सविस्तर येते. ज्या मुलखातून ती गेली तो नकाशावरच्या नावांपुरता उरतो. याला लबाडी म्हणता येत नाही. साधने पुण्याला लिहिलेल्या पत्रांची, म्हणून दृष्टी पुण्याची. पण विद्यार्थी जर ‘फरीदाबादेस काय झाले?’ हा आपला पहिला प्रश्न विसरला नाही, तर त्याला क्रम उलटावा लागेल. प्रथम गाव : शेख फरीदने १६०७ साली, जहांगीरच्या कारकिर्दीत, रस्त्याच्या रक्षणासाठी वसवलेला कसबा, त्याचा किल्ला, तलाव, मशीद. मग रस्ता आणि नदी. मग त्या रस्त्याने आलेल्या तीन फौजा : मराठ्यांची, अफगाणांची, जाटांची. अंताजी या निबंधात नायक म्हणून नव्हे, तर गावापुढे येऊन ठाकलेल्या एका फौजेचा प्रमुख म्हणून येतो. एवढ्याने त्याचा पराक्रम उणा होत नाही. त्याच्या जाण्याची किंमत कोणी मोजली, एवढे मात्र विचारावे लागते.

जाटांच्या बाजूची साधने शोधताना विद्यार्थ्याची थोडी निराशा होते. सूदन कवीचे ‘सुजानचरित’ हे ब्रजभाषेतील काव्य सुरजमलाच्या लढायांनी भरलेले असले तरी त्याचे कथानक १७५३च्या पुढे जात नाही. कालिकारंजन कानुनगो यांचा जाटांचा इतिहास १९२५चा. त्यानेही फारसी आधारांवरच मदार ठेवली आहे. म्हणजे या मुलखाच्या स्वतःच्या भाषेतील आवाज नेमक्या त्या वर्षी गप्प आहे. गप्प असण्याचीही निबंधात नोंद व्हावी लागते. साधन नाही म्हणून प्रकरण गाळणे आणि साधन नाही हेच प्रकरणात सांगणे, यांत फार अंतर आहे.

स्थळाची पाहणी हा आखणीतील आणखी एक दुर्लक्षित भाग. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात, जो १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत निघाला, भूगोलाला जो मान मिळाला आहे तो त्याआधी मराठी इतिहासात क्वचितच मिळाला होता. फरीदाबादच्या बाबतीत पाहणी सोपी नाही. यमुनेने पात्र बदलले आहे; १८७४ साली सुरू झालेला आग्रा कालवा जुन्या शिवारातून गेला; रेल्वे आली; आणि स्वातंत्र्यानंतर तर गावाचे रूपच पालटले. १९४९पासून येथे वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, डेरा इस्माईलखान, कोहाट, पेशावर या बाजूंहून आलेल्या निर्वासितांसाठी नवे औद्योगिक नगर उभारले गेले. त्यासाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि हृदयनाथ कुंझरू त्याचे सदस्य होते, सुधीर घोष हे त्याचे प्रशासक. अठराव्या शतकात ज्या वाटेने अफगाण स्वार हिंदुस्थानात उतरत, त्याच वाटेवरच्या गावांतून घरदार सोडून आलेली ही माणसे फरीदाबादेत स्थिरावली. साहजिकच नव्या वसाहतीत १७५७ची आठवण विचारली तर १९४७ची ऐकू येते. विद्यार्थ्याने ती ऐकून घ्यावी, आपल्या वहीत वेगळी लिहून ठेवावी, आणि मग जुन्या फरीदाबादच्या गल्ल्यांत, बल्लभगडाच्या किल्ल्यापाशी आणि कालव्याकडच्या खेड्यांत जावे. मोगलांनी उभारलेले कोसमिनार या परिसरात अजून उभे आहेत. एका मिनाराची जागा दुसऱ्याशी जोडत गेले की जुना हमरस्ता कागदावर उमटतो, आणि अंताजी कोणत्या बाजूने आला व कोणत्या बाजूने निघाला याविषयीची निम्मी विधाने तेथल्या तेथे तपासता येतात.

राहता राहिली टिपणे. एका कागदावर एकच गोष्ट, खाली साधनाचे नाव, खंड, पत्रांक आणि पान. आपले मत त्याच कागदावर लिहावयाचे नाही, लिहिलेच तर निराळ्या शाईने. हा नियम इतका साधा आहे की तो कोणी शिकवीत नाही, आणि म्हणून कोणी पाळत नाही. फरीदाबादच्या टिपणांत त्याची किंमत लगेच कळते. ‘मराठ्यांची पुष्कळ माणसे पडली’ हे वाक्य अंताजीचे, हिंगण्यांचे, फारसी रोजनिशीचे की सरकार यांच्या सारांशाचे, हे टिपणावरून न कळल्यास सगळी छाननी वाया जाते. ग्रांट डफने आपल्या ग्रंथाच्या आधारभूत कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे लिहिले होते. पुढे मराठी अभ्यासकांनी त्या शोधल्या तेव्हा त्या मिळाल्या नाहीत, आणि त्यावरून कितीतरी वर्षे नाना तर्क चालले. ग्रंथ उरला, त्याच्याखालचे कागद उरले नाहीत. कीर्तने यांच्यासारख्या वाचकाला डफशी वाद घालताना जी अडचण आली ती हीच होती.

अशा आखणीने लिहिलेल्या निबंधाचे आकारमान फार होणार नाही. गावाचे एक प्रकरण, रस्त्याचे एक, अंताजी आणि हिंगणे यांच्या पत्रांच्या तुलनेचे एक सर्वांत मोठे, सामीनच्या साक्षीचे एक, आणि जाटांकडील मौनाचे दोनतीन पानांचे एक. तारखांचा तक्ता शेवटी जोडावा. मुंडक्यांची गणती कोणत्या प्रकरणात घालावी, हे मात्र विद्यार्थ्याने लिहावयास बसण्यापूर्वीच ठरवावे. ती अंताजीच्या प्रकरणात गेली तर वाचक तिला मराठ्यांचे नुकसान म्हणून वाचील. गावाच्या प्रकरणात गेली तर कोणाची हा प्रश्न उघडा राहील.